स्कोअर फक्त दोन, म्हणून इंजेक्शन नाही?

ओसरीवरून (धागाकर्ती)

मंडळी, बाबांना मेंदूचा झटका (स्ट्रोक) आला आणि घरात दहा दिवस एका इंजेक्शनवरून भांडण चालू आहे. गंमत म्हणजे ते इंजेक्शन दिलंच गेलेलं नाही.

बाबा ६८ वर्षांचे. बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत. त्या संध्याकाळी शब्दकोडं सोडवत बसले होते. डाव्या हाताने चष्मा काढायला गेले, तो हातातून निसटला. उचलला, पुन्हा निसटला. "अगं, हे बघ काय होतंय" म्हणाले, पण तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं. ओठांचा डावा कोपरा जरासा उतरलेला. घड्याळात सहा दहा झाले होते. सव्वासातला आम्ही कॅज्युअल्टीत. सीटी झालं, रक्तस्राव नाही. न्यूरोच्या डॉक्टरांनी (बाई होत्या, पस्तिशीच्या आत असतील) हात समोर धरायला लावले, पाय उचलायला लावले, चित्रं दाखवून नावं विचारली आणि म्हणाल्या, स्कोअर २. (स्ट्रोक जितका मोठा तितका हा स्कोअर जास्त.)

मग हातातला कागद बाजूला ठेवून बाबांना म्हणाल्या, "काका, शर्टाची बटणं लावा बघू." बाबांनी तीन लावली, चौथं भलत्याच काजात गेलं, ते काढून पुन्हा लावलं. मग उठून चालायला लावलं. डावखुरे आहात का, या हाताने रोजचं काय काय करता, घरी कोण असतं, बरंच विचारलं. शेवटी मला म्हणाल्या, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन यांना नको. दोन गोळ्या सुरू करतेय आणि नजरेखाली ठेवतेय."

रात्री दादा पोचला आणि तिथून रामायण सुरू. "तासाभरात नेलंस, साडेचार तासांची मुदत होती, आणि तरी इंजेक्शन नाही? सहा स्कोअर असता तर दिलं असतं ना? मग बाबांनी आजार वाढायची वाट बघायची होती का?" मला उत्तर देता आलं नाही. बाबा आता घरी आहेत, बोलणं स्वच्छ झालंय. बटणं लावतात, पण पूर्वीपेक्षा सावकाश. आणि दादाचं लक्ष रोज नेमकं त्या बटणांवरच.

आमचं चुकलं का? मी अडून बसायला हवं होतं का?

सावळागोंधळ

आधी एक सांगतो, तासाभरात पोचलात हेच खूप केलंत. आमच्याकडे "झोपून उठल्यावर बघू" म्हणून अख्खी रात्र घालवली होती. काकांना लवकर बरं वाटो.

टिंबटिंब

मला दादाचं पटतंय. गुठळी आहे, ती विरघळवणारं औषध आहे, रुग्ण वेळेत आलाय. मग अडलं कुठे? नळ तुंबला तर 'थोडाच तुंबलाय' म्हणून कोणी तसाच ठेवतं का? डॉक्टरांना अंगावर काही यायला नको असतं, हे खरं कारण.

नीलमोहर

टिंबटिंब, उलटही म्हणता येईल. दिलं आणि रक्तस्राव झाला असता, तर हाच दादा "स्कोअर फक्त दोन असताना दिलंच का?" म्हणाला असता.

मज्जारज्जू

मी न्यूरोलॉजिस्ट आहे. रुग्ण पाहिलेला नाही, त्यामुळे निर्णय बरोबर की चूक हा निवाडा मी देणार नाही. पण दादांचा प्रश्न रास्त आहे. तो आमच्या शाखेलाही वीसेक वर्षं छळत होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा, म्हणजे आल्टेप्लेजचा, स्ट्रोकमधला उपयोग पक्का झाला तो १९९५ च्या अमेरिकन चाचणीने. त्यात ३ तासांच्या आत औषध दिलं होतं. मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडण्याचं प्रमाण औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के होतं, न घेतलेल्यांत ०.६ टक्के. एवढा धोका पत्करूनही तीन महिन्यांनी औषध घेतलेल्यांपैकी जास्त लोक आपल्या पायावर उभे होते. म्हणून औषध टिकलं. पुढे २००८ मध्ये मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. पण १९९५ च्या त्या चाचणीत अगदी सौम्य लक्षणांचे आणि झपाट्याने सुधारणारे रुग्ण घेतलेच नव्हते. त्यामुळे सौम्य स्ट्रोकमध्ये हे औषध चालतं की नाही, याचं उत्तर तिच्यात शोधून सापडणार नाही.

मग सवय पडली, 'फार सौम्य आहे, राहू दे.' नंतर लक्षात आलं की असं राहू दिलेल्यांपैकी बरेच जण घरी जाताना धड नव्हते. कोणाला आधाराशिवाय चालता येत नव्हतं, कोणाला नोकरीवर परत जाता येत नव्हतं. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि बरेच जण सौम्य असला तरी द्या म्हणू लागले. दोन्ही बाजूंचे लोक हुशार होते. फक्त कोणाच्याही हातात नीट चाचणी नव्हती.

आता स्कोअरबद्दल. त्या स्केलमध्ये ११ बाबी असतात आणि एकूण ४२ गुण. सर्वसाधारणपणे ५ पर्यंत आला तर आम्ही स्ट्रोकला सौम्य म्हणतो. पण स्केल काय मोजत नाही ते बघा. हात दहा सेकंद हवेत धरता आला की हाताला शून्य. बोटांनी बटण लागतं का, पेन धरता येतं का, हे त्यात नाही. उभं राहून चालता येतं का, हेही नाही. भाषेवर मात्र बरेच गुण आहेत, त्यामुळे मेंदूच्या डाव्या बाजूचा स्ट्रोक उजव्या बाजूच्यापेक्षा मोठा दिसतो. तुमच्या बाबांचे दोन गुण बहुधा एक चेहऱ्याचा आणि एक बोलण्यातल्या जडपणाचा असणार. चष्मा ज्या हातातून पडला त्या हाताचा एकही नसावा! म्हणून त्या डॉक्टरांनी कागद खाली ठेवून बटणं लावायला सांगितली. मला तरी ती तपासणी फार आवडली.

२०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी आकड्यापेक्षा एका प्रश्नाला महत्त्व दिलं. उरलेली कमतरता या माणसाला 'डिसेबलिंग' आहे का? मराठीत आपण 'अडवणारी' म्हणू. आहे तशीच राहिली, तर हा माणूस स्वतःचं स्वतः करू शकेल का, कामावर परत जाऊ शकेल का? अडवणारी असेल तर स्कोअर १ असला तरी औषध द्या. नसेल तर ५ असला तरी देऊ नका. अर्धी नजर जाणं, शब्द न सुचणं किंवा समोरच्याचं न कळणं, एका बाजूचं भानच नसणं, हात किंवा पाय उचलून धरता न येणं, ही अडवणारी समजतात. ओठ थोडा वाकडा, जीभ जराशी जड, एका बाजूला बधिरपणा, ही सहसा नाहीत. पण 'सहसा' हा शब्द विसरू नका. डाव्या हाताची दोन बोटं अडखळणं तुमच्या बाबांना चालून जाईल. व्हायोलिन वाजवणाऱ्याची डाव्या हाताची तीच दोन बोटं असतील तर मी औषधाची बाटली हातात घेऊनच बोलायला बसेन.

म्हणून त्यांनी डावखुरे आहात का, घरी कोण असतं, हे विचारलं. त्या गप्पा मारत नव्हत्या, तपासत होत्या.

टिंबटिंब

मोठा प्रतिसाद, आभार. पण 'देऊ नका' इतकं ठामपणे का? फायदा झाला तर झाला, नाही तर नाही.

मज्जारज्जू

नाही झाला तर रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून. सौम्य स्ट्रोकमध्ये जिंकण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. हरण्यासारखं मात्र सगळं असतं. आकडे देतो, पण आकडेमोड आले तर तेच जास्त चांगलं सांगतील.

आकडेमोड

आलो. डॉक्टर नाही, आकडेवारी हा पोटाचा धंदा, आणि वडिलांच्या निमित्ताने हे सगळे निबंध वाचून काढले होते.

पहिली चाचणी प्रिझम्स, २०१८. स्कोअर ० ते ५, न अडवणारी लक्षणं, ३ तासांच्या आत. एका गटाला आल्टेप्लेज, दुसऱ्याला साधी ॲस्पिरिन. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला आणि डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. तीन महिन्यांनी उत्तम स्थितीत किती? इंजेक्शनवाले ७८.२ टक्के, ॲस्पिरिनवाले ८१.५ टक्के. मेंदूत त्रासदायक रक्तस्राव इंजेक्शनच्या गटात १५६ पैकी ५ जणांना, ॲस्पिरिनच्या गटात एकालाही नाही.

पण (माझ्या धंद्यात 'पण' फार) ही चाचणी ९४८ रुग्णांची ठरली होती आणि ३१३ वरच थांबली. रुग्ण हळूहळू मिळत होते आणि पैसे देणाऱ्याने हात आखडता घेतला. इतक्या थोड्या लोकांवरून 'इंजेक्शनने नुकसानच होतं' असं छातीठोक म्हणता येत नाही. फायद्याची चिन्हं दिसली नाहीत, एवढंच म्हणता येतं.

दुसरी अरामिस, चीनमधली, २०२३. ७६० रुग्ण, साडेचार तासांच्या आत, एकीकडे आल्टेप्लेज आणि दुसरीकडे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या. उत्तम स्थितीत गोळीवाले ९३.८ टक्के, इंजेक्शनवाले ९१.४ टक्के. इथे प्रश्नच वेगळा विचारला होता, 'गोळ्या इंजेक्शनपेक्षा कमी तर पडत नाहीत ना?' उत्तर आलं, नाही पडत. हिच्यातही खोट आहे. कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि काही जणांचा उपचार मधेच बदलला गेला. तरी दोन्ही चाचण्यांचा काटा एकाच बाजूला झुकतोय.

ओसरीवरून, तुमच्या बाबांना अरामिसमधल्या गोळीगटासारखाच उपचार मिळालाय. दादाला एवढंच दाखवा.

सुमनताई६२

माझ्याकडे व्हॉट्सॲपवर आलं होतं की झटका आल्याबरोबर सुईने दहाही बोटांच्या टोकांना टोचून रक्ताचे थेंब काढले की माणूस बरा होतो. हॉस्पिटलात न्यायच्या आधी करायचं म्हणे. खरं आहे का हो?

रात्रपाळी

ताई, अजिबात नाही, आणि कृपया पुढे पाठवू नका. बोटातून थेंब काढून मेंदूतल्या गुठळीला काही होत नाही. दहा बोटं टोचण्यात दहा मिनिटं जातात, आणि मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला अंदाजे १९ लाख पेशी मरतात.

तसंच, घरी ॲस्पिरिनही देऊ नका. हार्ट अटॅकचा सल्ला इथे लावला जातो. काही झटके रक्तस्रावाचे असतात, आणि ते स्कॅनशिवाय कोणालाच ओळखता येत नाहीत. गिळता येतंय याची खात्री होईपर्यंत पाणीसुद्धा नको. झटका आलेला माणूस पहिल्यांदा पाणीच मागतो, आणि घरातला कोणीतरी ते हमखास देतो.

सुमनताई६२

बरं झालं विचारलं. काढून टाकते.

तळटीप

मी दुसऱ्या बाजूने सांगतो. माझी बायको दुभाषी आहे. मागच्या वर्षी फोनवर काम करत असताना मधेच थांबली. मला वाटलं नेटवर्क गेलं. बघतो तर फोन हातात, समोरचा बोलतोय आणि ही नुसती बघतेय. मला म्हणाली, "ते... ते... त्याचं ते." हातपाय मस्त चालू. स्वतः चालत गाडीत बसली. तोंड उजवीकडे किंचित उतरलेलं, बस.

तिचाही स्कोअर २ च होता! चेहऱ्याचा एक, भाषेचा एक. तिथले पहिले डॉक्टर म्हणाले, सौम्य आहे, गोळ्या देऊ. दुसरे, वयाने मोठे, आले आणि त्यांनी तिला विचारलं, "तुमचं काम काय?" तिला 'दुभाषी' हा शब्दच सापडेना. ती मधल्या हवेत बोट हलवत राहिली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मला हातानेच थांबवलं. अर्धा मिनिट ती शोधत होती. मग ते नर्सकडे वळून म्हणाले, "औषध काढा."

आज ती कामावर आहे. थकली की एखादा शब्द अडतो. इंजेक्शनमुळेच बरी झाली की तशीही झाली असती, हे मला माहीत नाही आणि कळायचा मार्गही नाही. पण त्या रात्री आकडा बघून कोणी थांबलं असतं तर मी जन्मभर कुढत राहिलो असतो. काकांचे दोन आणि हिचे दोन, हे दोन सारखे नव्हते.

ओसरीवरून (धागाकर्ती)

तळटीप, हे वाचून अंगावर काटा आला. बाबांना विचारलेले प्रश्न आता समजतायत. मला तेव्हा वाटलं होतं की त्या वेळ काढतायत.

रात्रपाळी

मी स्ट्रोक युनिटमध्ये नर्स आहे. 'एक इंजेक्शन' म्हणताना डोळ्यासमोर सुई टोचली आणि संपलं असं येतं, म्हणून सांगते.

पहिलं म्हणजे वजन. किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. "साठ-पासष्ट असेल" यावर भागत नाही, म्हणून आमचा पलंगच वजन सांगतो. औषध पावडर असतं, पाण्यात विरघळवायचं आणि बाटली हलकेच फिरवायची. हलवली की फेस येतो, आणि नेमकं घाईत हात हलवायलाच जातो. दहावा हिस्सा मिनिटभरात शिरेतून, उरलेलं तासभर पंपावर. बीपी १८५/११० च्या वर असेल तर आधी खाली आणायचं, त्याशिवाय सुरूच करता येत नाही. सुरू झाल्यावर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी बीपी आणि तपासणी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग २४ तास पूर्ण होईपर्यंत तासाला. डोकं दुखलं, उलटी झाली, अचानक झापड आली की पंप बंद आणि पुन्हा सीटी. काहींची जीभ आणि ओठ सुजतात, विशेषतः बीपीच्या ठराविक गोळ्या चालू असतील तर, म्हणून तोंडाकडेही डोळा ठेवायचा. आणि सहसा २४ तास ॲस्पिरिन नाही, क्लोपिडोग्रेल नाही. दुसरं सीटी स्वच्छ आलं की मगच.

हा शेवटचा मुद्दा कोणी बोलत नाही. सौम्य स्ट्रोकवाल्याला इंजेक्शन दिलं की त्या दोन गोळ्या एक दिवस लांबणीवर पडतात. आणि पुढचा झटका यायची भीती सगळ्यात जास्त असते ती या पहिल्याच दिवसांत.

मज्जारज्जू

रात्रपाळी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला दहा वेळा +१. चान्स नावाच्या २०१३ च्या चाचणीत ५१७० रुग्ण होते, सौम्य स्ट्रोक किंवा येऊन गेलेला क्षणिक झटका. ९० दिवसांत पुन्हा स्ट्रोक नुसत्या ॲस्पिरिनवर ११.७ टक्क्यांना आला, पहिले २१ दिवस दोन गोळ्या घेतलेल्यांत ८.२ टक्क्यांना. गोळ्या म्हणजे 'काहीच केलं नाही' नव्हे.

आडवाट

माझ्या काकांची गोष्ट, कारण 'चालायला लावलं' हे वाचून थबकलो. अचानक चक्कर, उलट्या. पलंगावर आडवं ठेवून सगळी तपासणी झाली. हात ठीक, पाय ठीक, बोलणं ठीक, स्कोअर ०. पित्त आणि कानाची चक्कर म्हणून घरी पाठवायची तयारी झाली. शौचाला जायचं म्हणून आम्ही दोघांनी धरून उभं केलं तर ते सरळ एका बाजूला कोसळले, लाकडाच्या ओंडक्यासारखे. बसतासुद्धा येईना. एमआरआयमध्ये लहान मेंदूचा स्ट्रोक निघाला. तोवर मुदत टळून गेली होती.

हॉस्पिटल कोणतं ते लिहीत नाही. लोक वाईट नव्हते. कोणी उभं करून बघितलं नाही, इतकंच.

टिंबटिंब

आता माझा थोडा विरोध मावळतोय, पण एक शंका आहे. सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारं सीटी) केली आणि गुठळी डोळ्यांनी दिसली, तर? लक्षणं थोडी, पण नळी बंद दिसतेय. तिथे तर माझा तुंबलेला नळ लागू पडतो ना?

आकडेमोड

अगदी हाच प्रश्न घेऊन टेम्पो-२ ही चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आला. स्कोअर ० ते ५, स्कॅनमध्ये मेंदूतली नळी बंद असल्याचा पुरावा, १२ तासांच्या आत. औषध नवं, टेनेक्टेप्लेज, जे पंप न लावता एका दमात देतात. ८८६ रुग्ण झाल्यावर चाचणी थांबवली, कारण फायदा दिसायची शक्यता उरली नव्हती. पूर्वीसारखे झाले ७२ टक्के, औषध न मिळालेल्यांत ७५ टक्के. मृत्यू औषधाच्या गटात २०, दुसऱ्यात ५.

मी स्वतः हे वाचण्याआधी पैज लावली असती की इथे औषध जिंकणार. हरलो असतो.

मज्जारज्जू

आम्हीही हरलो. बाजूच्या लहान रक्तवाहिन्यांनी पर्यायी रस्ता काढलेला असतो, म्हणून तर नळी बंद असूनही लक्षणं थोडी असतात. मेंदूचं प्लंबिंग एका नळाचं नाही, टिंबटिंब. अर्थात अशा रुग्णाला घरी सोडायचं नाही. काही जण पहिल्या एक-दोन दिवसांत अचानक खाली घसरतात, आणि तेव्हा गुठळी तारेने ओढून काढायचा विचार करावा लागतो. म्हणून 'नजरेखाली ठेवतेय'.

आणि हे सगळं न अडवणाऱ्या लक्षणांबद्दल आहे. हा धागा वाचून कोणी 'सौम्य स्ट्रोकला इंजेक्शन नसतं' एवढंच घरी घेऊन गेलं तर माझे श्रम वाया. तळटीप यांच्या पत्नीला द्यायलाच हवं होतं.

अबोल

लिहू की नको असा विचार करत होते. सासऱ्यांना आठ वर्षांपूर्वी इंजेक्शन दिलं होतं. उजव्या हाताला मुंग्या आणि थोडी अशक्तपणाची भावना, कप उचलत होते. समजावून सांगितलं, शंभरातल्या काही जणांना रक्तस्राव होतो, सही करा. नवरा प्रवासात होता, सही माझी आहे. पाचव्या तासाला डोकं दुखतंय म्हणाले. दोन दिवसांनी गेले.

कोणाचा राग नाही. तेव्हा सगळे देत होते. फक्त ओसरीवरून, तुमच्या दादाला सांगा, 'दिलं असतं तर' याच्या पुढे फक्त चांगलंच लिहिलेलं नसतं.

ओसरीवरून (धागाकर्ती)

अबोल, काय लिहू. तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून आभार. सही करणाऱ्याच्या जागी मी त्या रात्री उभी होते, म्हणून थोडंफार कळतं.

नीलमोहर

अबोल, तुमची सही म्हणजे तुमचा निर्णय नव्हे. समोरच्याने जे माहीत होतं त्यावरून सल्ला दिला, तुम्ही ऐकलात. ते ओझं खाली ठेवा.

सावळागोंधळ

एक व्यावहारिक प्रश्न. लक्षणं वाटेतच कमी होऊ लागली तर? आमच्याकडे हेच झालं होतं. आईचा हात दहा मिनिटांत ठीक झाला, म्हणून आम्ही झोपलो. पहाटे पूर्ण उजवी बाजू गेली.

मज्जारज्जू

कमी झाली, अगदी पूर्ण गेली, तरी लगेच जायचं. तो क्षणिक झटका असला तरी पुढचा कधी येईल सांगता येत नाही, आणि तो रोखायच्या गोळ्या लवकर सुरू केल्या तरच कामाच्या. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर लक्षणं सुधारत असतील, पण त्या क्षणी उरलेली कमतरता अडवणारी असेल, तर आम्ही 'अजून सुधारेल' म्हणून थांबत नाही. त्या क्षणी जे समोर आहे त्यावर ठरवतो.

आणि वेळ मोजायची ती माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. लक्षणं कोणाच्या लक्षात आली तेव्हापासून नव्हे. झोपेतून उठताना झालं असेल तर रात्री शेवटचं ठीक कधी पाहिलं ते सांगायचं. ओसरीवरून यांनी सहा दहा हे घड्याळात पाहिलं. तसं कोणी पाहत नाही, आणि मग आम्ही नातेवाइकांची उलटतपासणी घेत बसतो.

ओसरीवरून (धागाकर्ती)

काल तपासणीला गेलो होतो. दादाही आला. प्रश्न लिहून नेले होते, धाग्यातून उचललेले. त्याच डॉक्टर होत्या. दादाने विचारलं, स्कोअर सहा असता तर दिलं असतं का? त्या म्हणाल्या, "सहा असता तर बहुतेक हो. पण दोन असूनही काकांना पेन धरता आलं नसतं किंवा तुम्हाला त्यांनी ओळखलं नसतं, तरीही दिलं असतं." मग त्यांनी बाबांना पुन्हा बटणं लावायला सांगितली. बाबांनी पाचही लावली आणि दादाकडे बघत बसले. दादा बाहेर येईपर्यंत काही बोलला नाही. गाडीत म्हणाला, "तरी चौथ्याला वेळ लागला."

बोटांसाठी फिजिओथेरपी सांगितली आहे. बाबा म्हणतात शब्दकोडं उजव्या हाताने सोडवतात, त्यामुळे घाई नाही.

एक विसरले विचारायचं. दोन गोळ्यांचे २१ दिवस मोजायचे कधीपासून, पहिल्या गोळीपासून की घरी आल्यापासून?

रात्रपाळी

पहिल्या गोळीपासून. डिस्चार्जच्या कागदावर तारीख असेल. नसेल तर फोन करून विचारून घ्या. आणि एकविसाव्या दिवशी दोन्ही बंद नाही हं, एक बंद. कोणती चालू ठेवायची तेही त्याच फोनवर विचारा.

ओसरीवरून (धागाकर्ती)

कागदावर आहे. आज बारावा दिवस.